पुसलेले परत मिळते तेव्हा

संगणकावरची माहिती एका चुकीच्या बटणाने पुसली गेली तर? ‘दुपारी बारा वाजता होती तशी’ ती पुन्हा समोर आणणारी ‘स्नॅपशॉट’ नावाची युक्ती आज बँकांपासून इस्पितळांपर्यंत वापरली जाते. ती काय करू शकते, आणि कुठे हात टेकते?

झाशीच्या स्टेशनावर (आता त्याचे नाव ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’) उतरून शहरात शिरणाऱ्या पाहुण्याच्या कानावर ‘इलाइट’ हे नाव लवकरच पडते. इलाइट चौराहा म्हणजे झाशीतला गजबजलेला नाका. इथे घटकाभर उभे राहून पाहा. कोणी एटीएममधून पैसे काढत असतो, कोणी औषधाच्या दुकानात संगणकावर होणाऱ्या बिलाची वाट पाहत असतो, कोणी मोबाइलवर ग्वाल्हेरचे तिकीट काढत असतो, तर कोणी रक्त तपासणीचा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांकडे निघालेला असतो.

या प्रत्येकाची नोंद त्या क्षणी कुठल्या ना कुठल्या डिस्कवर उमटत असते. ती डिस्क शेजारच्या गल्लीत असेल किंवा शेकडो मैलांवरच्या एखाद्या वातानुकूलित इमारतीत. आपण तिची कधी चौकशी करत नाही, कारण ती आपली आठवण नीट सांभाळते असे आपण गृहीत धरलेले असते. पण समजा, ती नोंद पुसली गेली तर?

लिहून ठेवलेले नाहीसे होणे म्हणजे काय, हे झाशीला ठाऊक आहे. १८५८ साली या शहराने आपले मोठे पुस्तकालय गमावले. ती हकीगत पुढे येईलच. आधी आजची युक्ती समजून घेऊ.

वाडा एक, खोल्या अनेक

घरच्या संगणकात साधारणपणे एक डिस्क असते. बँक, इस्पितळ किंवा रेल्वेसारख्या ठिकाणी मात्र माहिती ‘स्टोरेज सिस्टिम’मध्ये ठेवलेली असते. कपाटाएवढ्या या यंत्रात डझनावारी, कधी शेकडो डिस्क शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. त्या सर्वांची जागा एकत्र करून तिचे सोयीप्रमाणे भाग पाडले जातात.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एकच, पण लाकडी पडद्या घालून त्यात खोल्या केलेल्या. थोरल्या भावाची माणसे वाढली की पडदी थोडी सरकवायची. खोलीत राहणाऱ्याला ती स्वतंत्र घरासारखीच वाटते. स्टोरेज सिस्टिममधल्या अशा खोलीला ‘व्हर्च्युअल डिस्क’ म्हणतात. हिशेबाच्या संगणकाला एक खोली, रुग्णांच्या नोंदींना दुसरी, टपालाला तिसरी. ज्याला जी दिली, त्याला ती आपली स्वतःची डिस्कच भासते.

या रचनेत एखादी डिस्क जळाली तरी काम सहसा थांबत नाही. माहिती अनेक डिस्कवर अशा हिशेबाने विभागलेली असते, की एक गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातली माहिती पुन्हा तयार करता येते. यंत्राच्या बिघाडाची सोय अशी झाली. पण माणसाच्या चुकीचे काय? चालकाने ‘पुसून टाक’ अशी आज्ञा दिली, तर यंत्र ती निमूटपणे आणि सर्व डिस्कवर एकदमच पाळते. हुकूम चुकून दिला की जाणूनबुजून, हे त्याला कळत नाही.

वही आणि पाकीट

यावर सरळ उपाय म्हणजे रोज संपूर्ण डिस्कची नक्कल करून ठेवणे. पण डिस्क मोठी असली की नकलेला तासन् तास लागतात, जागाही तेवढीच लागते. शिवाय नक्कल चालू असताना मूळ माहिती बदलतच राहते. पहिले पान दुपारी बाराचे आणि शेवटचे तीनचे, अशी ती नक्कल होते.

स्नॅपशॉटची युक्ती वेगळी आहे. दोनशे पानांची हिशेबाची वही घ्या. दुपारी बारा वाजता सगळी दोनशे पाने उतरवून काढण्याऐवजी आपण घरात एक नियम लावू : ‘आता यापुढे कोणत्याही पानावर पहिल्यांदा खाडाखोड करण्यापूर्वी ते पान जसेच्या तसे उतरवून या पाकिटात ठेवायचे.’ नियम लावायला क्षणभरच लागतो. त्या क्षणी पाकीट रिकामे असते, तरी बाराची वही सुरक्षित झालेली असते.

संध्याकाळी पाच पाने बदलली. पाकिटात पाच जुनी पाने आली. आता बारा वाजताची वही पाहायची असेल, तर बदललेली पाच पाने पाकिटातून वाचायची आणि उरलेली एकशे पंचाण्णव वहीतूनच, कारण त्यांना कोणी हात लावलेला नाही. दोन्ही मिळून बाराची वही पुरी होते. तेच पान दिवसात पन्नास वेळा बदलले तरी पाकिटात त्याची एकच प्रत जाते, बदलापूर्वीची.

स्टोरेज सिस्टिम हेच करते. तिची पाने म्हणजे डिस्कवरचे छोटे छोटे ठोकळे आणि पाकीट म्हणजे बाजूला राखून ठेवलेली जागा. पाचशे गिगाबाइटच्या व्हर्च्युअल डिस्कवर रोज दोन टक्के माहिती बदलते असे धरा. म्हणजे दिवसाला दहा गिगाबाइट. आठवडाभर रोजची स्थिती जपायला फार तर सत्तर गिगाबाइट लागतील. सात पूर्ण नकला केल्या असत्या, तर साडेतीन हजार गिगाबाइट लागले असते.

काही यंत्रांची रीत याहून थोडी निराळी आहे. ती जुन्या पानावर कधी लिहीतच नाहीत. नवा मजकूर कोऱ्या पानावर लिहितात आणि फक्त अनुक्रमणिका बदलतात. स्नॅपशॉट म्हणजे अशा वेळी जुनी अनुक्रमणिका जपून ठेवणे. अमेरिकेत १९९२ साली स्थापन झालेल्या ‘नेटॲप’ कंपनीने ही रीत आपल्या यंत्रांत आणून प्रसिद्धीस नेली.

‘हलू नका!’

पूर्वी फोटो काढताना स्टुडिओतले छायाचित्रकार ‘हलू नका’ म्हणून बजावत. हललेल्याचा चेहरा पुसट यायचा. स्नॅपशॉट या शब्दाचा रूढ अर्थही चटकन टिपलेले छायाचित्र असाच आहे आणि इथेही तीच काळजी घ्यावी लागते.

समजा, एका खात्यातून पाच हजार रुपये वजा झाले आहेत आणि दुसऱ्या खात्यात ते अजून जमा व्हायचे आहेत. नेमका त्याच क्षणी स्नॅपशॉट घेतला तर? त्या चित्रात पाच हजार कोणाचेच नाहीत! म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी हिशेबाच्या कार्यक्रमाला एक क्षण थांबायला सांगतो. हातातले व्यवहार पुरे करून घेतो, स्मृतीत रेंगाळलेला मजकूर डिस्कवर उतरवून घेतो आणि मगच स्नॅपशॉट काढतो. सारा खेळ बहुतेक वेळा काही सेकंदांचा. चौराह्यावरच्या एटीएमपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

असे न थांबवता घेतलेला स्नॅपशॉट अगदीच निकामी नसतो. अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी असेल तसा तो असतो. चांगल्या डेटाबेसजवळ अशा प्रसंगासाठी अर्धवट व्यवहार निस्तरण्याची सोय असते. पण जिथे पैसा आणि औषध यांचा प्रश्न आहे, तिथे क्षणभर थांबवून घेतलेले चित्रच भरवशाचे.

पाकीट भरले तर?

राखीव जागा अपुरी पडली तर ती भरून जाते. मग यंत्रापुढे दोनच मार्ग उरतात. एक, जुना स्नॅपशॉट बाद करायचा. दोन, मूळ डिस्कवर नवे लिहिणेच थांबवायचे. पहिल्यात कालची माहिती जाते, दुसऱ्यात आजचे काम अडते. म्हणून जागा भरत आल्याचा इशारा यंत्राने दिला की तो वाचायला माणूस हवा. किती दिवसांचे स्नॅपशॉट ठेवायचे आणि कोणते कधी काढून टाकायचे, हेही आधीच ठरलेले हवे.

स्नॅपशॉट साठवत राहिल्याने कामाचा वेगही मंदावू शकतो. एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवण्याचे तंत्र पुरवणारी ‘व्हीएमवेअर’ कंपनी तर आपल्या ग्राहकांना सांगते की, कोणताही एक स्नॅपशॉट बहात्तर तासांपेक्षा जास्त काळ ठेवू नका आणि त्याला बॅकअप समजू नका.

आता परत मिळवण्याची गोष्ट. समजा, चौराह्याजवळच्या एखाद्या तपासणी प्रयोगशाळेत दोन वाजता कोणीतरी चुकीची तारीख निवडली आणि वर्षाचे अहवाल पुसले गेले. बारा वाजताचा स्नॅपशॉट हाताशी आहे. संपूर्ण डिस्क बारा वाजताच्या स्थितीला नेली तर अहवाल परत येतील, पण बारा ते दोन या वेळात आलेल्या रुग्णांच्या नोंदी जातील. शहाणपणाचा मार्ग असा : स्नॅपशॉट वेगळी डिस्क म्हणून उघडायचा आणि त्यातून हरवलेले तेवढेच उचलून आणायचे. संपूर्ण डिस्क मागे न्यायची वेळ आलीच, तर त्यापूर्वी आत्ताच्या स्थितीचाही एक स्नॅपशॉट घ्यायचा. घाईत दुरुस्ती करताना आणखी एक चूक होणे फार सोपे असते.

तीनशेपैकी साडेचार

अशा घाईचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. ‘गिटलॅब’ ही सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना आपले काम ठेवण्याची सोय पुरवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक तंत्रज्ञ उशिरापर्यंत एका बिघाडाशी झुंजत होता. दुय्यम संगणकावरची माहिती पुसण्याची आज्ञा त्याच्या हातून मुख्य संगणकावर गेली. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली. तोवर सुमारे तीनशे गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

कंपनीकडे सुरक्षेच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. पाहतात तो काय, वेळेवर त्यातली एकही धड उपयोगी पडेना. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता आणि ‘बॅकअप झाला नाही’ असे कळवणारी पत्रे कोणाला पोहोचतच नव्हती. तारले ते एका स्नॅपशॉटने. सहा तासांपूर्वी, चाचणीच्या वेगळ्याच कामासाठी, त्याच तंत्रज्ञाने तो सहज घेऊन ठेवला होता. त्यावरून सारे पुन्हा उभे राहिले. मधल्या सहा तासांतली सुमारे पाच हजार प्रकल्पांची, तितक्याच अभिप्रायांची आणि सातशे नव्या सदस्यांची नोंद मात्र कायमची गेली.

कंपनीने काही लपवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना ते जगाला थेट दाखवले आणि चुकांची यादी स्वतःच छापली. त्या यादीतून निघणारा धडा आपल्या पिढ्यांनी जपलेल्या व्यवहारज्ञानाचाच आहे : कुलूप लावले म्हणून भागत नाही, अधूनमधून ते हलवून पाहावे लागते.

झाशीचे पुस्तकालय

स्नॅपशॉटने इतके साधत असेल, तर मग चिंता उरली कुठे? ती कळण्यासाठी पुन्हा झाशीकडे वळू.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळवण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी शहर पडले. तेव्हा गोडसे भटजी झाशीतच होते. डोळ्यांदेखत झालेली लूट, जाळपोळ आणि कत्तल त्यांनी ‘माझा प्रवास’ या आपल्या वृत्तांतात लिहून ठेवली आहे.

त्या वर्णनात झाशीच्या पुस्तकालयाचाही नाश आहे. हा ग्रंथसंग्रह मोठा नामांकित होता. काशीच्या विद्वानांनासुद्धा दुर्मिळ ग्रंथाची नक्कल हवी असली, तर ती इथून करून नेता येत असे. तो सारा संग्रह त्या लुटीत उद्ध्वस्त झाला.

आता आपल्या विषयाच्या नजरेने पाहा. त्या पुस्तकालयात एखाद्याने पोथीचे पान चुकीने खोडले असते, तर जुने पान जपून ठेवण्याच्या नियमाने ते वाचले असते. पण जुने पान आणि नवे पान दोन्ही एकाच इमारतीत होते आणि इमारतच लुटली गेली. अशा वेळी वाचण्याची आशा एवढ्याच ग्रंथांना, ज्यांची नक्कल कोणीतरी आधीच काशीला नेली असेल.

स्नॅपशॉटची मर्यादा नेमकी हीच आहे. पाकीट आणि वही एकाच कपाटात असतात. इतकेच नव्हे, वही जळाली तर पाकिटातल्या पाच पानांवरून उरलेली एकशे पंचाण्णव पाने काही मिळत नाहीत. स्नॅपशॉट चुकीवर उत्तर आहे. आपत्तीवर उत्तर म्हणजे दुसऱ्या गावी ठेवलेली पूर्ण प्रत.

आगीला दया नसते

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले आणि असंख्य फायली भस्म झाल्या. त्या पुन्हा उभ्या करायच्या तर इतरत्र असलेल्या प्रतींचाच आधार होता. पण कागद जाऊन संगणक आला म्हणून आगीचे भय गेले असे नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरी सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी नोकरांनी कामाची कागदपत्रे ठेवलेली सुमारे ८५८ टेराबाइटची सामायिक साठवण त्यात नष्ट झाली. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असणाऱ्या देशाची ही कथा!

आणि आता आगीइतकाच निर्दय असा दुसरा शत्रू आला आहे, खंडणीखोर. तो चोरवाटेने शिरून माहितीला स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ इस्पितळावर असा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. सरकारने नंतर संसदेत सांगितले की, हल्ल्यापासून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णालयाची माहिती परत मिळवता आली.

असे हल्लेखोर हाती चालकाचा पासवर्ड लागला की आधी स्नॅपशॉट शोधून नष्ट करतात. म्हणून आता ठरावीक मुदतीपूर्वी कोणालाही, खुद्द चालकालाही, पुसता येणार नाहीत असे स्नॅपशॉट काढण्याची सोय यंत्रांत केली जाते. तरीसुद्धा एक प्रत जाळ्यापासून अलग, दुसऱ्या ठिकाणी हवीच.

मूळ प्रत जपल्याचे फळ

झाशीची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पुस्तकालय गेले, पण त्याच्या नाशाची हकीगत आपल्यापर्यंत पोहोचली, तीही दोन रूपांत. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे भटजींनी आपल्या आठवणी लिहून काढल्या होत्या. १९०७ साली वैद्यांनी त्या प्रसिद्ध केल्या, पण भाषेवर संस्करण करून आणि मजकुरात फेरफार करून. कित्येक वर्षे मराठी वाचकांनी ‘माझा प्रवास’ वाचला तो या रूपात.

मात्र भटजींचे मूळ हस्तलिखित कोणी टाकून दिले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुखरूप राहिले. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ पाठ छापला आणि भटजींची खरी बोली पहिल्यांदा वाचकांसमोर आली. वैद्यांची आवृत्तीही राहिली आणि तिच्यापूर्वीचा मजकूरही. जुने पान न फाडण्याचा नियम पाळल्याचे हे फळ. शिवाय ते पान झाशीपासून दूर, पुण्यात होते.

घरी काय करावे?

आपल्या घरात स्टोरेज सिस्टिम नसते. पण लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, आजीच्या आवाजातल्या ओव्या आता मोबाइलमध्ये आणि संगणकातच असतात. तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे :

• ‘जुने पान’ कुठे मिळते ते आधीच पाहून ठेवा. इंटरनेटवर ठेवलेल्या बऱ्याच दस्तऐवजांच्या जुन्या आवृत्त्या उघडता येतात. विंडोजमध्ये ‘सिस्टिम रिस्टोर’ असते. मात्र ते संगणकाची मांडणी मागे नेते, तुमचे फोटो परत आणत नाही.

• पुसलेला फोटो लगेच जात नाही. आयफोनमध्ये तो साधारण तीस दिवस आणि गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असल्यास साठ दिवस कचरापेटीत राहतो. मुदत संपण्याआधी पाहा.

• दोन ठिकाणी दिसते म्हणजे दोन प्रती आहेत असे नव्हे. फोन आणि इंटरनेट यांचा मेळ घातलेला असेल, तर इथे पुसलेले तिथेही पुसले जाते.

• तीन, दोन, एक. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. बाहेरगावच्या बहिणीकडे ठेवलेली छोटी हार्ड डिस्कसुद्धा चालेल.

• सहा महिन्यांनी एकदा प्रत उघडून पाहा. एखादा फोटो परत आणता येतो का, याची खात्री करा. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

आपण ज्या दवाखान्यात, पतपेढीत किंवा शाळेत जातो, तिथेही दोन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. कोणी चुकून पुसले तर तुम्ही किती तास मागे जाऊ शकता? आणि इमारतीलाच काही झाले, तर दुसरी प्रत कुठे आहे? पहिल्याचे उत्तर स्नॅपशॉटपाशी आहे. दुसऱ्यासाठी मात्र कोणीतरी आधीच ‘काशीला’ प्रत नेलेली असायला हवी.